तेवीस शिपाई आणि म्हातारा सम्राट

इ.स. ६९, १५ जानेवारी. सकाळच्या वेळी रोमच्या फोरममध्ये, सॅटर्नच्या देवळाजवळ, तेवीस शिपायांनी एका माणसाला सम्राट म्हणून सलाम केला. खरा सम्राट तेव्हा हाकेच्या अंतरावर होता. पॅलेटाइन टेकडीवर अपोलोच्या देवळापुढे तो बळी देत उभा होता. राजवाडा त्याचा, पहाऱ्यावरची तुकडी त्याची, सिनेट त्याच्या बाजूचं. दिवस मावळायच्या आत त्याचं मुंडकं काठीवर चढलं होतं.

सर्व्हियस सुल्पिसियस गाल्बा लोकांना नकोसा झाला होता, यात वाद नाही. पण नकोसे झालेले राजे वर्षानुवर्षं गादीवर बसून राहिल्याचंही इतिहासात दिसतं. गाल्बाला ते जमलं असतं का? माझं उत्तर आहे, हो, आणि अगदी शेवटच्या सकाळीसुद्धा. टॅसिटस, प्लुटार्क आणि सुएटोनियस या प्राचीन लेखकांनी दिलेला प्रसंगांचा क्रम जुळवून पाहिला की सुटकेच्या वाटा स्पष्ट दिसतात. त्या एकेक करून कशा बंद झाल्या, त्याचा हा घटनाक्रम.

सात महिने आधी

जून ६८ मध्ये नीरोनं आत्महत्या केली. ऑगस्टसच्या घराण्यातला तो शेवटचा सम्राट. स्पेनमधल्या एका प्रांताचा आठ वर्षं कारभार पाहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या गाल्बाला सिनेटनं गादी दिली. पण नीरो पडला तो सिनेटमुळे नाही. रोममधल्या प्रीटोरियन रक्षकांनी, म्हणजे सम्राटाच्या खास फौजेनं, त्याची साथ सोडली म्हणून तो पडला. आणि ती साथ सोडण्याची किंमत ठरलेली होती. रक्षकांचा सेनापती निंफिडियस साबिनस यानं गाल्बाच्या नावानं प्रत्येक रक्षकाला ३०,००० सेस्टर्स कबूल केले होते. रक्षकाचा सुमारे दहा वर्षांचा पगार!

आकडा अवाच्या सवा होता. पुढे याच निंफिडियसला स्वतःच सम्राट व्हायची हाव सुटली आणि रक्षकांनीच त्याला कापून काढलं. वचन देणारा गेला, वचन मात्र बारा तुकड्यांतल्या प्रत्येक शिपायाच्या डोक्यात घर करून राहिलं.

तीन महिने आधी

ऑक्टोबरात गाल्बा रोमच्या वेशीवर आला. मिल्वियन पुलाजवळ नीरोनं भरती केलेले आरमारी शिपाई आडवे आले. त्यांना रीतसर लीजनचा, म्हणजे रोमन फौजेच्या मुख्य दलाचा, दर्जा आणि निशाण हवं होतं. गाल्बानं त्यांच्यावर घोडदळ घातलं. नव्या सम्राटाचं शहरातलं पहिलं पाऊल प्रेतांवरून पडलं. त्यातून वाचलेल्यांची पुढे लीजन झाली आणि ती शहरातच राहिली. हे आरमारी शिपाई लक्षात ठेवा.

मग पैशाचा प्रश्न आला. रक्षकांनी कबूल झालेली रक्कम मागितली. सैनिक आपण निवडून घेतो, विकत घेत नाही, असं गाल्बाचं उत्तर होतं. जुन्या रोमला शोभणारं हे उत्तर म्हणून काही लोक आजही त्याचं कौतुक करतात. मला ते पटत नाही. इ.स. ४१ मध्ये क्लॉडियसनं दर रक्षकाला १५,००० सेस्टर्स दिले होते, तेवढेच नीरोनं ५४ मध्ये दिले. म्हणजे दर ठरलेला होता. ‘तीस हजार मी कबूल केले नव्हते, पण क्लॉडियसनं दिलं ते मीही देतो’ एवढं बोलायला गाल्बाला कोणी अडवलं होतं?

पैसे नव्हते, असं म्हणावं तर हिशोब करून पाहा. नीरोनं आवडत्या लोकांवर २२० कोटी सेस्टर्स उधळले होते. त्यातले नऊ दशांश परत वसूल करायला गाल्बानं सरदारांची समिती बसवली. रक्षकांच्या बारा तुकड्या, प्रत्येकीत हजार माणसं धरली, तरी पंधरा हजारांच्या दरानं १८ कोटी होतात. ज्या रकमेसाठी त्यानं सगळ्या शहराला लिलावाचं मैदान केलं, तिचा हा दहावा हिस्साही नाही. शिवाय प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे, खाजगी संपत्तीत गाल्बाएवढा श्रीमंत माणूस त्याआधी कधी सम्राट झालाच नव्हता.

आणखी दोन गोष्टी त्यानं हातानं घालवल्या. सम्राटांच्या अंगावर पिढ्यान् पिढ्या पहारा देणारं जर्मन शरीररक्षक दल त्यानं मोडलं आणि त्या माणसांना बक्षिशीशिवाय घरी धाडलं. स्पेनमध्ये त्यानं स्वतः उभी केलेली, त्याच्याबरोबर रोमपर्यंत आलेली लीजन त्यानं पॅनोनियात, डॅन्यूबच्या बाजूला पाठवली. जी माणसं त्याला आपला मानत होती ती दूर गेली आणि जी त्याच्यावर दात खाऊन होती ती उशाशी राहिली.

भोवती उरले तिघे: सल्लागार व्हिनियस, रक्षकांचा नवा सेनापती लाको, आणि इकेलुस नावाचा मुक्त केलेला गुलाम. मालक कडक आणि कारभारी लुटारू, असं ते घर झालं. काटकसरीचे शिव्याशाप गाल्बाच्या वाट्याला आले आणि पैसा या तिघांच्या.

पंधरा दिवस आधी

१ जानेवारी ६९. मोगुंटियाकम, म्हणजे आजचं जर्मनीतलं माइंझ. तिथल्या दोन लीजननी सम्राटाची वार्षिक शपथ घ्यायचं नाकारलं आणि गाल्बाच्या प्रतिमा फोडल्या. दुसऱ्या दिवशी कोलोनमध्ये तिथल्या फौजेचा सेनापती व्हिटेलियस याच्या नावाचा सम्राट म्हणून जयघोष झाला. काही दिवसांत रोमला पत्रं पोचली.

पाच दिवस आधी

या बातमीवर गाल्बानं काढलेला तोडगा वाईट नव्हता. मूलबाळ नसलेल्या म्हाताऱ्या राजाला लोक धुडकावतात, तर वारस नेमावा. १० जानेवारीला, गडगडाट आणि पावसात, त्यानं पिसो लिसिनियानस या तरुणाला दत्तक घेतलं. पिसो तिशी नुकताच ओलांडलेला, खानदानी, गंभीर, निर्मळ वागणुकीचा. त्याच्या एका भावाला क्लॉडियसनं मारलं होतं, दुसऱ्याला नीरोनं, आणि तो स्वतः बरीच वर्षं हद्दपारीत होता. माणूस चांगला होता. पण त्याच्या पाठीशी एकही लीजन नव्हती. बंडखोर फौजेला धाक बसेल असा वारस हवा असताना गाल्बानं शीलवान वारस निवडला.

फौज असलेला वारस अगदीच नव्हता असंही नाही. ज्युडियात तीन लीजन घेऊन लढत असलेल्या व्हेस्पासिअनचा मुलगा टायटस त्याच दिवसांत रोमच्या वाटेवर होता. गाल्बा त्यालाच दत्तक घेणार अशी लोकांत कुजबुज होती.

दत्तकविधान जाहीर करायला गाल्बा सिनेटच्या आधी प्रीटोरियन छावणीत गेला. रक्षकांचा मान ठेवावा, हा विचार योग्यच होता. तिथे तो थोडक्यात बोलला. पुढच्या रांगांतले अधिकारी बरं म्हणाले, मागच्या रांगा गप्प राहिल्या. अशा वेळी रक्षकांना बक्षिशीची अपेक्षा असे, तिचा शब्दही निघाला नाही. त्या दिवशी कंजूष म्हाताऱ्याच्या हातून थोडं काही सुटलं असतं, तरी मनं वळली असती, असा टॅसिटसचा निर्वाळा आहे. गाल्बाच्या दोषांवर पांघरूण घालणारा हा इतिहासकार नाही, म्हणून त्याच्या या मताला मी वजन देतो.

छावणीतून सम्राट परतला तेव्हा एक माणूस मनातून जळत होता. मार्कस साल्व्हियस ओथो, वय ३६. नीरोविरुद्ध गाल्बाला सर्वांत आधी येऊन मिळालेला हा सुभेदार. घरची सोन्याचांदीची भांडीसुद्धा त्यानं गाल्बाच्या स्वाधीन केली होती. दत्तक आपणच, हे त्यानं धरून ठेवलं होतं. कर्ज गळ्याशी आलं होतं. सम्राट झालो तरच तरतो, असं तो उघड बोले. गाल्बा त्याच्याकडे जेवायला यायचा, तेव्हा पहाऱ्यावरच्या प्रत्येक शिपायाच्या हातात ओथो शंभर सेस्टर्स ठेवायचा. एका रक्षकाचा शेजाऱ्याशी बांधाचा तंटा होता, ओथोनं शेजाऱ्याचं अख्खं शेत विकत घेऊन त्याला दिलं. गाल्बाला हे दिसत नव्हतं, आणि ज्याचं कामच ते पाहण्याचं होतं तो लाको पाहत नव्हता.

आदली रात्र

१४ जानेवारी. ओथोच्या ओनोमास्टस नावाच्या मुक्त गुलामानं दोन माणसं पक्की केली होती: परवलीचा शब्द पोचवणारा बार्बियस प्रोकुलस आणि कनिष्ठ अधिकारी वेटुरियस. पुढचं जाळं त्यांनी विणलं. जेवणावरून परतणाऱ्या ओथोला त्याच रात्री उचलून सम्राट करायचं ठरत होतं. पण अंधार होता, शिपाई प्यालेले होते, आणि बाहेरगावच्या तुकड्या ओथोला ओळखत नव्हत्या. चुकून भलत्यालाच सम्राट करून बसतील, या भीतीनं बेत सकाळवर गेला.

कटाची कुणकुण गाल्बाच्या कानावर आली होती. लाकोनं ती उडवून लावली. दुसऱ्यानं दिलेला सल्ला, मग तो कितीही चांगला असो, त्याला मानवत नसे. त्या रात्री बार्बियस आणि वेटुरियस यांना कोठडीत घातलं असतं, तर सकाळ वेगळी उजाडली असती.

सकाळ

गाल्बा बळी देतो आहे. आतडी पाहून शकुन सांगणारा उंब्रिसियस म्हणतो की चिन्हं वाईट आहेत, कट जवळ आला आहे, शत्रू घरातच आहे. ओथो मागेच उभा आहे. ओनोमास्टस येऊन निरोप देतो की वास्तुतज्ज्ञ आणि कंत्राटदार वाट पाहत आहेत. ही ठरलेली खूण. जुनं घर घ्यायचंय, आधी तपासून घेतो, असं सांगून ओथो निघतो. टेकडी उतरून तो फोरममधल्या सोनेरी मैलाच्या दगडाशी येतो.

तिथे तेवीस शिपाई आहेत. इतके थोडे पाहून ओथोचे हातपाय गळतात. पण शिपाई त्याला मेण्यात कोंबतात, तलवारी उपसतात आणि चालू लागतात. छावणी शहराच्या ईशान्येला, काही किलोमीटर दूर. वाटेत साधारण तितकेच शिपाई येऊन मिळतात, कोणी कटातले, बरेचसे नुसते चकित झालेले. सुएटोनियस सांगतो की भोई दमले, तेव्हा ओथो उतरून पळू लागला, त्याच्या जोड्याचा बंद सुटला, आणि शेवटी लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

जोड्याचा बंद बांधायला थांबलेला हा दावेदार आणि त्याच्याभोवती पन्नासेक माणसं, एवढंच बंड त्या घटकेला होतं. एका जागरूक अधिकाऱ्याला ते मोडता आलं असतं. छावणीच्या दारावर त्या दिवशी ज्युलियस मार्शियालिस पहाऱ्याला होता. गडबडून म्हणा, भिऊन म्हणा, त्यानं दार बंद केलं नाही. बाकीच्या अधिकाऱ्यांनी काय होतंय याची वाट पाहिली. थोड्यांनी धाडस केलं, पुष्कळांच्या मनात ते होतं, आणि सगळ्यांनी ते होऊ दिलं.

बातमी टेकडीवर पोचते

गाल्बाचा विधी अजून चालूच आहे. आधी कळतं की कोणत्या तरी सिनेटरला छावणीत नेलंय, मग नाव कळतं. पहिला निर्णय शहाणपणाचा होतो: राजवाड्यावरच्या तुकडीची निष्ठा आधी तपासायची, आणि तीही सम्राटानं नाही, पिसोनं. पिसो पायऱ्यांवर उभा राहून बोलतो. इतरांकडून गुन्ह्यासाठी मिळेल तेवढं बक्षीस आमच्याकडून इमानासाठी मिळेल, असं तो सांगतो. पाच दिवसांपूर्वी छावणीत जो शब्द हवा होता तो आत्ता, इथे निघाला. आणि गंमत नव्हे, शोकाची गोष्ट अशी की तो लागू पडला. खास अंगरक्षक सटकले, पण बाकीच्या तुकडीनं निशाणं उचलली. नुसत्या वचनावर!

माणसं चहूकडे धावली. मारियस सेल्सस इलिरियाच्या तुकडीकडे गेला, तिनं भाले रोखून त्याला हाकलून दिलं. तीन अधिकारी छावणीत गेले, त्यांना धमक्या मिळाल्या, एकाला धरून त्याची शस्त्रं काढून घेतली. आरमारी लीजननं वेळच लावला नाही. मिल्वियन पुलावरचे मृत तिच्या डोळ्यांपुढे होते. ती सरळ ओथोला मिळाली.

मात्र एक तुकडी घुटमळली. जर्मनीहून आलेले हे शिपाई नीरोनं अलेक्झांड्रियाला पाठवून तिथून परत बोलावले होते. लांबच्या समुद्रप्रवासानं ते आजारी पडले होते. गाल्बानं त्यांची नीट शुश्रूषा करवली होती. ते त्याच्याविरुद्ध उठायला तयार होईनात. सुएटोनियसच्या सांगण्यानुसार ते त्याच्या मदतीला निघालेही, पण शहर अनोळखी, वाट चुकली. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत सैनिकांना त्याच्याकडून मिळालेली माया काय ती एवढीच, आणि ती फळाला आली होती. फक्त तिला वेळ हवा होता.

राजवाड्यातला वाद

वेळ मिळवायचाच सल्ला व्हिनियस देत होता. आत राहा, गुलामांना शस्त्रं द्या, दारं लावून घ्या, संतापलेल्यांच्या समोर जाऊ नका. वाइटांना पस्तावायला आणि चांगल्यांना एकत्र यायला अवधी द्या. बाहेर पडायचं तर नंतरही पडता येईल, पण परत फिरायचं झालं तर ते आपल्या हातात राहणार नाही.

या सल्ल्यात मला एकही चूक सापडत नाही. भिंती पुरेशा नसतात हे खरं. त्याच वर्षी डिसेंबरात व्हेस्पासिअनचा भाऊ कॅपिटोल टेकडीवर अडून बसला आणि तिथेच पकडला जाऊन मारला गेला. पण गाल्बापाशी राजवाडा होता, निशाणं उचललेली तुकडी होती, रस्ते शोधत येणारी जर्मनीहून आलेली तुकडी होती. आणि ओथोची माणसं अजून शस्त्रागार उघडत होती.

दुर्दैव असं की सल्ला योग्य होता आणि देणारा अविश्वासाचा. दत्तकासाठी व्हिनियसनंच ओथोची शिफारस केली होती, ओथो त्याचा जावई होणार अशी बोलवा होती. तो म्हणतो थांबा, म्हणजे त्यात काही काळंबेरं आहे, असं बाकीच्यांना वाटलं. लाको त्याच्या अंगावर धावून गेला, इकेलुसनं त्याला चेतवलं. ओथोला पाय रोवायला सवड द्यायची का, असं ते विचारत होते. गाल्बाला अब्रूचा मार्ग हवा होता. त्यानं बाहेर पडायचं ठरवलं. पिसोला पुढे छावणीकडे पाठवलं.

तोच आवई उठली की ओथो मारला गेला. सिनेटर आणि सरदार दारं मोडून आत घुसले आणि आपल्या हातून सूड निसटला म्हणून हळहळू लागले. एक रक्षक रक्तानं माखलेली तलवार नाचवत आला: मीच मारलं! गाल्बानं त्याला विचारलं, तुला हुकूम कोणी दिला? शिस्तीचा माणूस म्हणून तो या प्रश्नात पुरा दिसतो, आणि मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो इथेच. पण ती तलवार आणि ती बातमी दोन्ही खोट्या होत्या. गाल्बानं लिननचं चिलखत चढवलं आणि खुर्चीत बसून तो गर्दीत उतरला.

फोरम

छावणीतला आरडाओरडा ऐकून पिसो अर्ध्या वाटेवरून परतला. राजवाड्यात परतावं की कॅपिटोलवर जावं की भाषणाच्या ओट्याशी, यावर खल चालू होता. व्हिनियस म्हणाला होता तेच झालं, आता पाय मागे घेणं हातात नव्हतं. गर्दीच्या रेट्यात खुर्ची इकडून तिकडे हेलपाटत होती. देवळं आणि बॅसिलिका माणसांनी भरलेल्या, पण आवाज नाही.

घोडेस्वार आत घुसले. निशाणवाला आटिलियस व्हर्जिलियो यानं गाल्बाची प्रतिमा उपटून जमिनीवर आपटली. लोक पळाले, भोयांनी खुर्ची टाकली. कर्टियसच्या कुंडापाशी गाल्बाला मारलं. व्हिनियस ज्युलियस सीझरच्या देवळापुढे पडला. सेम्प्रोनियस डेन्सस नावाचा एकटा शतकाधिपती खंजीर उपसून उभा राहिला. त्यानं अडवून धरलं तेवढ्या वेळात पिसो जखमी अवस्थेत व्हेस्टाच्या देवळात शिरला. तिथून त्याला ओढून काढून दारातच मारलं.

दिवस मावळताना

सिनेट भरलं आणि त्यानं ओथोला ऑगस्टस ही पदवी दिली. सकाळी ओथोच्या मरणासाठी ओरडणारेच आता शुभेच्छा द्यायला रांगेत होते. आजच्या खुनात माझाही हात आहे, मला बक्षीस द्या, असे १२० हून जास्त अर्ज आले. ते पुढे व्हिटेलियसच्या हाती लागले आणि त्यानं त्या सगळ्यांना शोधून मारलं.

रात्री आर्गियस नावाच्या जुन्या कारभाऱ्यानं गाल्बाचं धड उचललं आणि ऑरेलियन रस्त्यावरच्या त्याच्या खाजगी बागेत पुरलं.

टायटसला ही बातमी कॉरिंथमध्ये कळली. तो तिथून मागे फिरला. ओथो तीन महिने टिकला, व्हिटेलियस डिसेंबरपर्यंत. त्यानंतर टायटसचा बाप व्हेस्पासिअन सम्राट झाला. पैशाला चिकट म्हणून त्याचीही ख्याती होती आणि शिपायांना बक्षिशी वाटण्यात त्याचाही हात आखडता होता. पण सैन्य त्याचं होतं. दहा वर्षं राज्य करून, जून ७९ मध्ये, तो आजारपणानं वारला.